वारा कुठून येतो

माघातला वारा आमच्याकडे पहाटे उतरतो. पूर्वेच्या डोंगरावरून सावकाश खाली येतो, रिकाम्या खाचरांतल्या भाताच्या धसकटांवरून फिरतो आणि उजाडायच्या सुमाराला दाराच्या फटीतून घरात शिरतो. पूर्वी मला हा वारा फार आवडायचा. पुण्याहून चार दिवसांची रजा काढून आलो की कानाला मफलर गुंडाळून मी अंगणात उभा राहायचो आणि ‘काय हवा आहे!’ असं मोठ्यानं म्हणायचो. दादा शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून येत असायचे. ते माझ्याकडे बघून नुसते हसायचे आणि पुढे जायचे.

यंदा तो आला तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो आणि आधी वर बघितलं. वर निळी ताडपत्री आहे. तिची एक कड सुटली होती आणि हळूहळू आपटत होती, कुणी दारावर बोटानं टकटक करावं तशी. हा वारा काही करायचा नाही, हे मला आता पक्कं माहीत आहे. तो गरीब वारा आहे, कानाला झोंबण्यापलीकडे त्याला काही येत नाही. तरी मला पुन्हा झोप लागली नाही. गेल्या माघात याच वाऱ्यानं मला खोटं बोलायला लावलं. म्हणजे दोष त्याचा नाही. खोटं मीच बोललो, आणि तेही छाती पुढे काढून.

मी पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. जन्म वेल्ह्याच्या पुढच्या या वाडीतला, पण दहाव्या वर्षी भोरच्या वसतिगृहात गेलो आणि तिथून पुण्याला. घर, शेत, गुरं, आईवडिलांची म्हातारपणं, सगळं माझ्या थोरल्या भावानं, दादांनी बघितलं. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. वहिनी गेल्या आणि वर्षाच्या आत दादांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे एक शब्द तेवढा राहिला, ‘व्हय’. पाणी हवं का, तर व्हय. नको का, तरी व्हय. दुखतंय का, झोपता का, सगळ्याला व्हय. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. बायको पुण्यात नातवंडापाशी राहिली आणि मी बॅग भरून इथे आलो. भावाला सांभाळायला चाललोय, असं मी भेटेल त्याला सांगत होतो.

घर साधंच आहे. पुढे पडवी, मधे माजघर, मागे बुटकं स्वयंपाकघर. दादांची खाट माजघरात. पहिल्याच महिन्यात माझं लक्ष वर गेलं. वाशांना वाळवी लागली होती. सकाळी दादांच्या गोधडीवर पिवळी पूड पडलेली असायची, ती मी झटकायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलेली असायची. धडधाकट माणसाच्या डोक्यावर छप्पर करकरलं तर तो उठून बाहेर पळतो. दादांना कूस बदलायलासुद्धा माझा हात लागतो. ते दिवसभर उताणे पडून वाशांकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. हे छप्पर खाली आलं तर ते सरळ त्यांच्यावर येणार आणि त्यांना हलताही यायचं नाही, एवढं एकच चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पाऊसकाळाच्या आत नवं छप्पर घालायचं, असं मी ठरवून टाकलं.

कौलं चाळणारी माणसं आता आमच्या खोऱ्यात सापडत नाहीत. आमच्या घराचं ते काम दादाच करायचे. वैशाखात, माझ्या मे महिन्याच्या सुट्टीत, ते वर चढायचे आणि मी खालून एकेक कौल द्यायचो. फुटकं बाजूला, धड पुन्हा जागेवर. सगळं झालं की शेवटी ओढ्यातले चपटे दगड वर घ्यायचे. ते दगड दादा एकाच कडेला मांडायचे, मावळतीच्या. ओळीनं, हाताच्या अंतरावर एक. उगवतीकडे एकही नाही. कॉलेजात असल्यापासून मी ते दगड वर दिले आहेत, तळहात सोलवटले म्हणून कुरकुर केली आहे, पण एकाच बाजूला का, हे एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, दगड पुरत नसावेत. दगडांचा ओढा घराला लागून वाहतो आणि मला वाटायचं दगड पुरत नसावेत! अशा माणसाला लोक सर म्हणत होते.

तर पत्रा घालायचं ठरलं. गडाच्या पायथ्याच्या पालीला ट्रेकर मंडळींच्या जेवणासाठी एक शेड झाली होती, ती नीटनेटकी दिसली म्हणून तिथून ठेकेदाराचा नंबर घेतला. भोरचे इकबालभाई. पन्नाशीचा सडपातळ माणूस, दाढी मेंदीनं लाल केलेली, कमरेला टेप. माघातल्या एका सकाळी ते मोटरसायकलवरून आले. मी दादांना खुर्चीत घालून मागच्या अंगणात उन्हाला बसवलं होतं, कारण थंडीत ऊन तिथेच पडतं. इकबालभाई अंगणाच्या मधोमध उभे राहिले. टेपला हातही लावला नाही.

“सर, आधी येक सांगा. हितं वारा कुठनं येतो?”

“म्हणजे?”

“म्हंजे जोराचा. घर हालवतो त्यो. आमच्या भोरात येकीकडनं येतो, हितं दुसरीकडनं. डोंगरात वाऱ्याचा नेम न्हाई. जिथं फट गावंल तिथनं घुसतो. म्हनून म्या मालकाला इचारतो. शेजाऱ्याला न्हाई, सरपंचाला न्हाई. त्या छपराखाली जो झोपतो, त्येला.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तिथे वरच्या पत्र्याची कड उघडी राहते. त्या कडेची वाऱ्याकडे पाठ हवी. तिचं तोंड वाऱ्याकडे झालं तर वारा तिच्यात नख घालतो, आणि एकदा नख शिरलं की सगळं सोलून काढतो. शिवाय वाऱ्याच्या बाजूला स्क्रू दुप्पट मारायचे. “येकदा बसवलं की बसलं,” ते म्हणाले. “मागनं वाऱ्याला सांगता येत न्हाई, बाबा, आता हिकडनं ये.”

‘मला माहीत नाही’ एवढं उत्तर पुरेसं होतं. पण वर्गात उभं राहून ज्यानं जन्म काढला त्याच्या तोंडातून ते तीन शब्द लवकर निघत नाहीत. सकाळचे नऊ वाजले होते, पूर्वेचा वारा कानाला चावत होता. मी पूर्वेकडे हात केला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी इकबालभाईंनी कदाचित दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. मी थांबलो नाही. मी त्यांना वर्गात देतात तसा पाठच दिला. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो हे खरं, पण आपल्या घराच्या पश्चिमेला हा एवढा डोंगर आडवा आहे, तो वारा अडवतो, आपण त्याच्या आडोशाला आहोत, तेव्हा आपल्याला लागतो तो हाच, पूर्वेच्या उतारावरून घसरणारा गार वारा. इकबालभाई कौतुकानं ऐकत होते. मापाच्या खुणा करायला त्यांनी लाल रंगाचा डबा आणि कुंचला आणला होता. तो मी घेतला आणि मागच्या भिंतीवर माझ्या हातानं बाण काढला, उगवतीकडून मावळतीकडे, टोकाला दोन नीट रेघा. नकाशात वारे दाखवायला काढतात तसा. फळ्यावर असे बाण मी हजारांनी काढले असतील, आणि तिथे ते बरोबर असायचे.

खात्रीसाठी, किंवा खरं सांगायचं तर शोभेसाठी, मी दादांना विचारलं, “काय दादा, आपल्याकडे वारा पूर्वेचाच ना?”

“व्हय,” दादा म्हणाले.

“बघा!” मी इकबालभाईंना म्हणालो.

पण दादांचा डावा हात वर उठला होता. तो मावळतीकडे होता आणि कापत होता. “व्हय, व्हय,” ते म्हणत होते, एरवीपेक्षा मोठ्यानं. मी हाताच्या रोखानं बघितलं. तिथे हौसावहिनींची शेळी दावं तोडून आमच्या लिंबाच्या रोपापाशी आली होती. हौसावहिनी म्हणजे आमच्या भावकीतल्या, पलीकडच्याच घरात राहतात, दोन वेळच्या भाकरी थापून आणून देतात. मी धावत जाऊन शेळी हुसकली. परत आलो तर दादांचा हात तसाच. “गेली, दादा, गेली शेळी,” मी म्हणालो आणि तो हात माझ्या हातानं खाली करून शालीत गुंडाळला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गार वाऱ्यानं येतं तसं असेल, असं मला वाटलं.

तो हात मी खाली केला, ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

पंधरा दिवसांत काम झालं. दादांना तेवढे दिवस आम्ही पडवीत आणि मग गोठ्यात हलवलं. जुने वासे उतरवले, लोखंडी पाईप जोडले, त्यावर विटकरी रंगाचे पत्रे चढले. स्वयंपाकघराची कौलं ठीक होती, ते तसंच ठेवलं. छपरावरचे चपटे दगड गड्यांनी खाली टाकले. “ह्ये कुठं ठिवू?” म्हणून एकानं विचारलं तेव्हा मी ओढ्याकडे बोट दाखवलं, मग विचार बदलून त्यातला एक धुण्याला ठेवून घेतला. दादा खुर्चीतून त्या दगडांच्या ढिगाकडे बघत राहिले होते. इकबालभाईंनी बाणाबरहुकूम सगळं केलं. उगवतीच्या कडेला स्क्रूंच्या दोन ओळी, मावळतीला एक. प्रत्येक पत्र्याची उघडी कड मावळतीकडे. मोठ्या निगुतीनं, एका रेषेत. काम इतकं सुबक झालं की मी मोबाईलवर फोटो काढून बायकोला पाठवला. खाली लिहिलं, ‘दादांची काळजी मिटली.’

चैत्र-वैशाखात पत्रा तापायचा आणि दुपारी टिकटिकायचा. मला तो आवाज घराच्या नवेपणाचा वाटला. दादा मात्र आता वर बघेनासे झाले. मान वळवून मावळतीच्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी हौसावहिनींना सांगितलं, बघा, आता कसे शांत झोपतात.

मी आता पुष्कळदा मोजून बघतो की मी माझं गाव कधी कधी बघितलं आहे. दिवाळीत, भात कापायला आलेलं असताना. माघात, जत्रेला. मे महिन्यात, करवंदं काळी होताना. आखाडात, कळतं झाल्यापासून, कधीच नाही; लहानपणचे आखाड घोंगडीखालच्या उबेपलीकडे काही आठवत नाहीत. दहाव्या वर्षापासून प्रत्येक आखाडात मी कुठल्या ना कुठल्या शाळेत होतो, आधी बाकावर, नंतर फळ्यापाशी. सुट्टीत भेटणारं घर पाहुण्याशी वागतं तसं वागतं, चांगले कपडे घालून समोर येतं. त्याचा खरा स्वभाव त्याच्यासोबत राहणाऱ्यालाच कळतो. दादा तो साठ-सत्तर आखाड अंगावर घेऊन शिकले होते. पण ते शिकवायला कधी गेले नाहीत, कारण कुणी विचारलं नाही. त्यांना ठाऊक असलेलं सगळं त्यांच्या हातांत होतं, आणि त्यातलाही एक हात आता मेला होता.

ज्येष्ठ संपत आला आणि एका सकाळी पूर्वेचा वारा नाहीसा झाला. हवा जागच्या जागी थांबली. डोंगराच्या माथ्यावर ढग येऊन बसले. मग पहिल्यांदा तो आवाज आला. वर, मावळतीच्या कोपऱ्यात, ‘टप्’. थोड्या वेळानं पुन्हा, ‘टप्’. पत्र्याची कड जराशी उचलली जायची आणि बसायची. मी बाहेर आलो. हौसावहिनी भाकरीचं फडकं हातात घेऊन अंगणात उभ्या होत्या आणि तोंडावर पदर धरून छपराकडे बघत होत्या.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “दगडं आजून वर न्हाई घेतली?”

“दगड कशाला आता? स्क्रू आहेत.”

“आवो, आखाडात खिंडीतनं वारा येतो की! समद्या वाडीला ठावं हाय. धोंडं उचलतो त्यो वारा.”

मी खिंडीकडे बघितलं. जन्मल्यापासून बघत आलो होतो. मावळतीच्या डोंगराच्या बरोब्बर मधे, घराच्या समोरासमोर, कुऱ्हाडीनं घाव घातल्यासारखी ती खिंड आहे. डोंगर वारा अडवतो आणि अडवलेला सगळा वारा त्या एका फटीतून आमच्या घरावर सोडतो. नदी अरुंद घळीतून जाताना तिचा वेग का वाढतो, हे मी दर वर्षी आठवीला समजावून सांगायचो. मुलं माना डोलवायची.

“मग तुम्ही बाण बघितला होता ना भिंतीवर? तेव्हा का नाही बोललात?” मी जवळजवळ ओरडलोच त्यांच्यावर.

“बघितला की. म्या म्हनलं, गडावर जानाऱ्या पोरांसाठी काडला आसंल. दगडावर काडत्यात न्हाई का, लाल बान, वाट चुकू नये म्हनून? आन तुमी सर. तुमी काडला म्हंजे काय तरी आसंलच त्येचं.”

इकबालभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “सर, तुमी तर...” एवढंच म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, “आता दिवाळीपातुर काय व्हत न्हाई. वल्ल्या पत्र्यावर म्या मानूस चढवत न्हाई. येकदा चढवला व्हता.” पुढे काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जाड नायलॉनचा दोर पत्र्यावरून टाकून दोन्हीकडे झाडांना ताणून बांधा, असं त्यांनी सुचवलं. तसं केलं. दादांना स्वयंपाकघरात हलवावं असं माझ्या मनात रोज यायचं. पण पावसात तिथली जमीन ओलसर, चुलीचा धूर कोंडलेला, आणि दादांची छाती आधीच भरलेली. आज नको, उद्या बघू, असं करत मी दिवस ढकलले.

आखाड लागला. खिंडीतून येणाऱ्या वाऱ्याचा आधी आवाज येतो आणि मग वारा. लांबून गुरं धावत आल्यासारखा घुमारा, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग घरावर धडक. त्या मधल्या क्षणात आम्ही दोघं भाऊ वर बघायचो. धडक बसली की वर टपटप व्हायची, आता एका ठिकाणी नाही, कडेच्या सगळ्या पत्र्यांत. गारठा असा की भर दुपारी घोंगडी लागायची. दादांना खायला घालताना माझा घास हातातच राहायचा, ते तोंड उघडून वाट बघायचे. मी बोलायचो, इकडचं तिकडचं, धरणात पाणी किती आलं, लावणी कुठवर आली. ते माझ्याकडे न बघता वरचा आवाज ऐकत असायचे. वाऱ्याशी त्यांची ओळख होती, माझ्याशी बोलण्यापेक्षा त्यांना त्याचं ऐकणं महत्त्वाचं वाटत होतं. मला त्या दिवसांत दादांची भीती वाटायची. त्यांना माहीत होतं काय होणार ते, आणि ते मला सांगू शकत नव्हते. सांगितलं होतं तेव्हा मी शेळी हुसकली होती.

त्या दिवशी पाऊस कमी होता, वाराच जास्त. खाचरात लावणीच्या बायका होत्या. दुपारी त्या बांधाच्या आडोशाला डोक्यावर इरली घेऊन भाकरी खायला बसल्या, ते मी खिडकीतून बघितलं. तेवढ्यात दादांनी डाव्या मुठीनं भिंतीवर मारायला सुरुवात केली. “व्हय! व्हय! व्हय!” मी जवळ गेलो. हात भिंतीवरून उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे गेला.

“पाणी हवंय?”

“व्हय!” आणि हात तिकडेच. ताठ, बोटांसकट.

या वेळी मी शब्द ऐकला नाही. हात बघितला.

खाट ओढायला लागलो. ती दारापर्यंत आली आणि उंबऱ्याला पाय अडकला. मी हौसावहिनींना हाका मारल्या, त्या भिजतच आल्या. खाट तशीच सोडून आम्ही दादांना घोंगडीत घेतलं, एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि ओढत आत नेलं. त्यांचं डोकं उंबऱ्याला घासलं. आम्ही चुलीपाशी पोचलो आणि लांबून तो घुमारा आला. मग काहीच नाही. मग वर असा आवाज झाला की मी दादांच्या अंगावर आडवा पडलो. सगळं छप्पर एकदाच किंचाळल्यासारखं. माजघर एकदम उजेडानं भरलं. घरात तेवढा उजेड मी कधी बघितला नव्हता.

पाच पत्रे गेले. एकामागून एक, सोलल्यासारखे, इकबालभाई म्हणाले होते तसेच. उगवतीकडे गेले, माझ्या बाणाच्या बरोबर उलटे. दोरासकट. एक पाईप वाकून खाली आला आणि दारात अडकलेल्या खाटेवर आडवा बसला, उशाच्या बाजूला. एक पत्रा खाचरात, बायका मघापर्यंत वाकून लावणी करत होत्या तिथे, उभा रुतला. भाकरी आणखी थोडी उशिरा सोडली असती तर त्यांचं काय झालं असतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्या आल्या, पत्रा चिखलातून उपसला, आमच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि परत लावणीला गेल्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी दादांच्या पायाशी बसलो होतो. चुलीत लाकडं ओली, धूर नुसता. “दादा, चुकलं माझं,” मी म्हणालो.

“व्हय,” दादा म्हणाले.

मी रडता रडता हसलो. इतक्या दिवसांत तो शब्द पहिल्यांदा अगदी बरोबर जागी पडला होता. त्यांच्या तोंडाची डावी बाजू जराशी हलली, तेही हसले असावेत. मी माघात मफलर बांधून ‘काय हवा आहे’ म्हणायचो तेव्हा हसायचे, तसंच.

तेव्हापासून मी त्यांचा हात वाचायला शिकलो. तळहात उपडा म्हणजे पुरे. अंगठा आत म्हणजे कूस बदल. दोन बोटं दाराकडे म्हणजे हौसाला बोलाव, तू राहू दे, तुला जमत नाही. शब्दाकडे मी लक्षच देत नाही. पण दादा त्या दिवशीच्या गारठ्यातून पुरते वर आले नाहीत. ताप गेला, खोकला राहिला. दिवाळीनंतर दोन घासांवर आले. मूठभर माणूस झालेत. स्वयंपाकघरातल्या कौलांखाली त्यांचं अंथरूण आहे, आणि माजघरात मी, ताडपत्रीखाली. दिवाळीत मीच इकबालभाईंना फोन केला नाही, लाज वाटत होती. माघ लागला, ती ताडपत्रीची कड आपटायला लागली, तेव्हा केला.

ते काल आले. तीच मोटरसायकल, तोच लाल रंगाचा डबा. मागच्या अंगणात ऊन होतं, दादा खुर्चीत, शालीत, फक्त नाक आणि डोळे दिसत होते. पूर्वेचा वारा तसाच कानाला चावत होता, जसं काही मधे घडलंच नव्हतं. इकबालभाईंनी भिंतीवरच्या बाणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दादांसमोर उकिडवे बसले.

“दादा, ह्या टायमाला तुमीच सांगा. वारा कुठनं येतो?”

शालीतून डावा हात निघाला. वेळ लागला, पण उठला. मावळतीकडे, खिंडीवर, अगदी नेमका.

“व्हय,” दादा म्हणाले.

इकबालभाई उठले. जुन्या बाणावर त्यांनी फुली मारली आणि खाली नवा काढला, खिंडीकडून घराकडे. त्यांचा बाण माझ्यापेक्षा वाकडा होता. ते कुंचला पुसत होते आणि मी दादांचा हात खाली घ्यायला वाकलो, तर तो खाली येईना. तो हळूहळू वळत होता. खिंड सोडून, डोंगर सोडून, डावीकडे, दक्षिणेकडे. ओढ्यापलीकडे जांभळीखाली दगडांचा चौथरा आहे, तिथे येऊन थांबला. आमच्या वाडीत गेलेल्या माणसांना तिथे जाळतात. आई तिथे, वडील तिथे, वहिनी तिथे.

“तिकडनं बी येतो का काय वारा?” इकबालभाईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “तिकडून नाही येत.”

दादा माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे कोरडे होते आणि हात कापत नव्हता. गेल्या वर्षी हाच हात मी धरून खाली केला होता. या वेळी केला नाही. त्यांच्या शेजारी मातीत बसलो आणि तो दमून आपोआप खाली येईपर्यंत थांबलो.

“कळलं, दादा,” मी म्हणालो.

“व्हय,” ते म्हणाले.

इकबालभाईंनी टेप काढून मापं घेतली, कागदावर टिपली. होळीपर्यंत सगळं उरकून देतो, असं म्हणाले. मी त्यांना मोटरसायकलपर्यंत सोडायला गेलो. त्यांनी किक मारली तेव्हा मी हँडलवर हात ठेवला.

“जरा लवकर करा,” मी म्हणालो.